चौसष्ट कुशींचा पूल

बुरैदा,
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय हाशम,

तुला सलाम आणि मेहनाजभाभींना नमस्कार. पाकीट हातात आल्यावर तू ते दोनदा उलटंपालटं करून बघशील आणि म्हणशील, ज्ञानेशचा फोन बिघडला की डोकं? फोन शाबूत आहे. गेल्या दोन वर्षांत त्याच फोनवरून मी तुला सतरा-अठरा वेळा लावला आणि तू दोनदा उचललास. दोन्ही वेळा मी, हाशम, एक सांगायचं होतं, असं म्हणायला आणि तू, खलास रे, सोड ते, तब्येत कशी आहे, असं म्हणायला एकच गाठ पडली. मग आपण तब्येतीवर बोललो. माझे गुडघे झाले, तुझी साखर झाली, आणि फोन ठेवला. पत्राला तुला असं मध्येच तोडता येणार नाही, म्हणून लिहायला बसलो. तुमच्या मोहल्ल्यातला यासीन, जो इथे एसी दुरुस्तीला आहे, तो गुरुवारी सुट्टीवर निघतोय. त्याच्या हाती हे देतो. सोबत सुक्करी खजुराचा एक डबा आहे, पण तो भाभींच्याच हातात द्यायचा असं त्याला बजावलंय. तुझ्या हातात दिला तर बंदरावरून घरी पोचेपर्यंत अर्धा होईल.

मी दमलोय, हाशम. हे कुणाला सांगायची सोय नाही. तुझ्या ममतावहिनीला सांगितलं तर ती म्हणते, मग या ना घरी, आणि घरी येऊन काय करणार, असं म्हटलं की जेवलात का विचारते. एकवीस वर्षं झाली या सौदीत. सकाळी साडेचारला उठायचं, कॅम्पच्या बाथरूमसमोर बादली घेऊन उभं राहायचं, मेसमधला तोच पिवळा भात डब्यात भरायचा आणि बसमध्ये बसल्या बसल्या पुन्हा झोपायचं. तू होतास तेव्हा निदान शुक्रवारी कोळंबीचं सार तरी व्हायचं. आता तुझ्या खाटेवर एक बांगलादेशी प्लंबर झोपतो. माणूस चांगला आहे, पण घोरतो. तूही घोरायचास, पण तुझ्या घोरण्याची सवय होती. गुडघ्याचं म्हणशील तर शिडीच्या सहाव्या पायरीवर तो एकदा कटकन वाजतो आणि मग दिवसभर शहाण्यासारखा राहतो. फोरमन झाल्यापासून शिडी चढायचं काम कमी झालं, तेवढीच सोय.

आता मूळ गोष्ट. ममताने गेल्या महिन्यात सांगितलं की तुमच्या मशिदीचा नवा सागवानी दरवाजा करायचं ठरलं आणि काम खारेपाटणच्या सुताराला दिलं. मी म्हटलं, का? हाशम गावात असताना? ती म्हणाली, अहो, त्यांचे डोळे गेलेत ना, कोण देणार? शाळेच्या बाकांचं कामही असंच दुसऱ्याकडे गेलं म्हणे, आणि तू मेहुण्याच्या बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात पावत्या लिहायला बसतोस. ज्या मशिदीत तुझ्या आजोबांनी लाकडी जिना केला, तिचा दरवाजा तुझ्या डोळ्यांदेखत परगावचा माणूस करणार आणि तू जुम्म्याला त्याच दरवाज्यातून आत जाणार. ते ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही. कारण तुझे डोळे गेले हे गावात पहिल्यांदा ममताने सांगितलं आणि ममताला ते मी सांगितलं होतं.

ते पुढे लिहितो. आधी तुला पुलाचं सांगायला हवं, नाहीतर बाकीचं तुला कळणार नाही.

इथे बुरैदाच्या बाहेर खजुराची एक मोठी बाग आहे. मालक हम्माद म्हणून ऐंशीच्या घरातले गृहस्थ. तरुणपणी सरकारी खर्चाने ते इंग्लंडला शिकायला गेले होते. त्यांचं कॉलेज म्हणे नदीच्या दोन काठांवर वसलेलं आहे, वर्ग नि लायब्ररी या काठाला आणि राहायच्या खोल्या त्या काठाला, आणि मधे पायी जायचा एक फार जुना लाकडी पूल. नुसता पूल नव्हे, वर छप्पर, दोन्ही बाजूंना फळ्यांच्या भिंती, उंचावर बारीक खिडक्या. आपल्याकडच्या साकवाला घराचं छप्पर घातलं तर कसं दिसेल तसं. एकोणीस वर्षांचे हम्माद बुरैदाहून तिथे पोचले तेव्हा त्यांनी जन्मात वाहती नदी पाहिली नव्हती. दगडी पुलावरून जायची त्यांना भीती वाटायची, खाली पाणी सरकताना दिसायचं आणि डोकं गरगरायचं. या झाकलेल्या पुलातून मात्र पाणी दिसत नसे, म्हणून ते रोज लांबचा वळसा घालून त्यातूनच जात. तीन वर्षं. आता त्यांना चालवत नाही, चाकांच्या खुर्चीत असतात, आणि मरायच्या आधी त्या पुलातून एकदा जायचंय म्हणतात. डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. तेव्हा त्यांच्या मुलीने, सहरने, पूलच इथे आणायचं ठरवलं. ती आर्किटेक्ट आहे, त्याच कॉलेजात शिकून आलेली, तिने त्या पुलाची इंच न इंच मापं आणली आहेत. बागेतून जो पाण्याचा पाट जातो त्यावर बेचाळीस फुटांचा पूल. पाटात पाणी बोअरवेल चालू असेल तेव्हाच. पण म्हातारा त्याला 'नहर' म्हणतो, आणि खिडक्या मुळातल्या इतक्याच उंच ठेवा, पाणी दिसता कामा नये, म्हणून मला तीनदा बजावून गेला. मी म्हटलं, बाबा, दिसायला पाणी असायला तर हवं. सहर माझा चेहरा बघून हसली. बापलेकीला मराठी कळत नाही ते बरं.

कंपनीने हे काम माझ्याकडे दिलं, कारण हाताने सांधे करता येणारा जुना माणूस आता मीच उरलोय. दोन वर्षं मी हातात पटाशी धरली नव्हती, तू गेल्यापासून मी फक्त माणसं मोजतो आणि कागदांवर सह्या करतो. काम असं ठरलं की खांबांना पाडायची भोकं रियाधच्या कारखान्यात मशीनवर पाडून येतील आणि आडव्या तुळयांच्या टोकांना त्यांत बसणाऱ्या कुशी मी इथे बागेत बसून हाताने काढायच्या. म्हाताऱ्याला काम होताना बघायचं होतं ना. चौसष्ट कुशी. मला वाटलं, यात काय आहे, जन्मभर हेच केलं. तू खांबाला भोक पाडायचं, मी तुळईला कूस काढायची, कूस भोकात बसली की सांधा झाला. माझ्या बापाच्या पडवीत आपण दोघं पंधरा वर्षांचे असल्यापासून कामाची ही वाटणी ठरलेली. बाबाजी म्हणायचे, हाशमचा हात खोल जातो, ज्ञानूचा सरळ जातो. मी त्यावर केवढा फुगायचो.

आणि तुझी ती खोड आठवते का? इकडे आल्यावर तुला लागलेली. मी कूस काढून देईपर्यंत तू भोकाला हात लावायचा नाहीस. आधी माझी तुळई मागून घ्यायचास, खांबावर आडवी ठेवायचास, कुशीच्या खांद्यावरून, जिथे तुळई खांबाला टेकते तिथून, अंगठा फिरवायचास, मग तिथल्या तिथे खूण करून भोक पाडायचास आणि त्याचं तोंड छिलून घ्यायचास. मी तुला काय काय बोललो त्यावरून. आंधळ्या, रेघ दिसत नाही का? कागदावर माप लिहिलंय ते वाचता येतं की भाभींना बोलावू? तू हसून म्हणायचास, माका बोटानी दिसता. सगळा कॅम्प तुला आंधळा मिस्त्री म्हणायला लागला, आणि ते नाव मी ठेवलं होतं.

सप्टेंबरात मी कुशी काढायला बसलो. झाडाखाली लाकूड मांडलं होतं, हम्माद खुर्चीत बसून बघत असायचे. बाबाजींचा गुण्या काढला. तोच, शिसवी मुठीचा, मी इकडे येताना त्यांनी स्वतःच्या पेटीतून काढून दिलेला. त्याने काटकोन आखायचा, करवत लावायची, पटाशीने साफ करायचं. हात विसरले नव्हते. चारी बाजूंनी रेघ फिरवून आणली की शेवटच्या कोपऱ्यात ती कधी कधी जुळत नसे, जराशी चुकायची, पण ते तर नेहमीचंच. लाकडाला पीळ आहे असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो आणि इथेही म्हणालो. दिवसाला तीन-चार कुशी. म्हातारा प्रत्येक कूस हातात घेऊन कुरवाळायचा. मला वाटलं, निवृत्त व्हायचं तर अशा कामानंतर व्हावं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रियाधहून खांब आले. पहिली तुळई लावली. एका बाजूने कुशीचा खांदा खांबाला टेकला आणि दुसऱ्या बाजूला फट राहिली, चांगली सूतभर, नखच काय, रुपयाचं नाणं आत जाईल एवढी. दुसरी लावली, तेच. तिसरी, चौथी, दहावी, तेच. तुला माहीत आहे मी काय केलं असेल. मी आरडाओरडा केला. रियाधच्या मशीनवाल्याला फोन लावून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सहरला म्हटलं, मॅडम, हे मशीनचं काम असंच, भोकं सगळी तिरकी आलीत, परत पाठवा. हम्माद खुर्चीतून बघत होते.  सहरने माझ्या हातातला गुण्या घेतला, एक रंधलेली फळी घेतली, गुण्या कडेला टेकवून पेन्सिलने रेघ मारली. मग गुण्या उलटा करून, त्याच बिंदूपासून, दुसरी रेघ मारली.

अरे, ही तपासणी बाबाजींनी आपल्याला पहिल्या आठवड्यात शिकवली होती. नवा गुण्या आणला की उलटसुलट दोन रेघा मारायच्या. एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर फेकून दे. मी कितीतरी पोरांना ती शिकवलीय, कितीतरी दुकानदारांचे गुण्ये परत केलेत. हा एक मात्र कधी तपासला नाही. त्या फळीवर दोन रेघा खाली एका ठिकाणाहून निघाल्या आणि वर गेल्या तशा एकमेकींपासून लांब लांब गेल्या. मी बघत राहिलो. चौसष्टच्या चौसष्ट कुशी एकाच बाजूला कलत्या होत्या. मशीनची भोकं काटकोनात होती. हम्माद यांनी मोडक्या हिंदीत विचारलं, मुअल्लिम, मिस्त्री, ये किसका है? मी म्हटलं, वालिद का. ते मान हलवून म्हणाले, फिर तुम कैसे देखता. त्यांचा आवाज इतका साधा होता की मला तिथेच रडू आलं. त्रेपन्न वर्षांचा घोडा, तीन हेल्पर आणि एक बाईमाणूस समोर असताना.

त्या दिवशी बसमधून परत येताना मी मागे मोजत गेलो. गुण्या खोटा, म्हणजे माझ्या सगळ्या कुशी कलत्या. मग आपले सांधे बसत कसे होते? दारांच्या चौकटी, कतीफमधली ती बैठकीची मजलिस, दमामच्या हॉटेलचा जिना, सगळे सांधे असे घट्ट की लोक हात फिरवून बघायचे. तुझ्याशिवाय मी या देशात एकही हातचं काम केलेलं नाही. म्हणजे माझी प्रत्येक वाकडी कूस तू अंगठ्याने वाचून घेत होतास आणि तेवढंच वाकडं भोक तिच्यासाठी पाडत होतास. आणि मी तुला आंधळा म्हणत होतो.

कधीपासून, तेही आठवलं. ती खोड तुला गावात नव्हती, पहिल्या चार वर्षांत इथेही नव्हती. २००८ साल, कतीफचं काम. बाबाजी गेल्याचा फोन आला आणि माझा इकामा, राहण्याचा परवाना, नूतनीकरणाला ऑफिसात अडकलेला, तेराव्यालासुद्धा जाता आलं नाही. फोन आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी कामावर आलो, कारण खोलीत बसून काय करणार होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या परांचीवर उभा होतो आणि हातातून गुण्या सुटला. खाली सिमेंटवर आपटला तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी वरून ओरडलो, मोडला काय रे? तू खाली होतास. तू उचललास, शर्टाला पुसलास, बराच वेळ डोळ्यांसमोर धरून बघितलास. मग वर बघून म्हणालास, काय झाला नाय, हाय तसो हाय. मी तिथेच बसून ढसाढसा रडलो आणि तू वर येऊन गुण्या माझ्या मांडीवर ठेवलास. खोटा झालाय हे तुला त्याच घडीला कळलं होतं. आधी बाप गेला, दुसऱ्या दिवशी त्याचा गुण्या गेला, हे तुला माझ्या तोंडावर सांगवेना. मग आज सांगू, उद्या सांगू असं करत तू पंधरा वर्षं भोकं वाकडी पाडलीस. बरोबर ना? नाही म्हणू नकोस, मला आता तुझं नाही ओळखता येतं.

त्या रेघांच्या दुसऱ्या दिवशी मी सहरला तुझी सगळी हकीकत सांगितली. ती लॅपटॉप उघडून मला त्या मूळ पुलाचे फोटो दाखवायला लागली. प्रत्येक सांध्यावर, खांबाला आणि तुळईला, सारख्या खुणा खोदलेल्या आहेत, कुठे दोन रेघा, कुठे फुली, कुठे कोंबडीच्या पायासारखं काहीतरी. ती म्हणाली की त्या पुलातली एकही तुळई दुसऱ्या जागी बसत नाही. जुन्या मिस्त्र्यांनी प्रत्येक कूस तिच्याच भोकाशी लावून घेतली होती आणि कुठली कुणाची ते कळावं म्हणून खुणा केल्या. तुझा तो मित्र याच पद्धतीने करायचा, असं ती म्हणाली. मी म्हटलं, मॅडम, त्याला हे कुणी शिकवलं नाही, माझ्यामुळे करावं लागलं.

मग मी चौसष्ट कुशी दुरुस्त करायला बसलो. नवीन लाकूड मागवलं असतं तर दोन महिने गेले असते, आणि हम्माद यांचं मध्ये एकदा हॉस्पिटल झालं होतं, तेवढा वेळ कुणालाच धरवत नव्हता. एकेक तुळई तिच्या खांबावर ठेवायची, अंगठा फिरवायचा, खूण करायची, खांदा केसाकेसाने छिलायचा, लावून बघायची, काढायची, पुन्हा छिलायचा. पहिल्या दिवशी एक झाली. हाशम, हे किती कष्टाचं काम आहे रे. पाठ धरते, अंगठ्याला भेगा पडतात, बाकी सगळे जेवायला गेलेले असतात आणि आपण एका फटीकडे बघत बसतो. तू हे रोज करायचास, वर माझ्या शिव्या खायचास, आणि संध्याकाळी सार करायचास. अठ्ठावीस दिवस लागले मला. शेवटच्या आठवड्यात बोटांनी थोडं थोडं दिसायला लागलं होतं, खोटं कशाला सांगू.

परवा पूल उभा राहिला. आढं चढवताना नारळ फोडायचा होता, पण इथे तुळईखाली नारळ फोडला तर कोण काय म्हणेल म्हणून खजूरच वाटले. हम्माद यांना सहरने खुर्चीतून आत नेलं. मी मागे होतो, कुठे काही करकरलं तर ऐकायला. मधोमध त्यांनी खुर्ची थांबवायला लावली. डोळे मिटले. मग मुलीला अरबीत काहीतरी म्हणाले. तिने मला सांगितलं, बाबा म्हणतात, खाली नदी आहे. खाली पाट होता आणि त्या दिवशी पंप बंद होता. मी पुलाच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. माझं लक्ष नदीकडे नव्हतं, मी तुझ्याच विचारात होतो.

आता जे तुला फोनवर सांगायचं होतं ते. दोन वर्षांपूर्वी हाइलच्या कामावर तो नवा क्वालिटीवाला साहेब आला होता, आठवतं? स्टीलचा गुण्या घेऊन फिरायचा. त्याने सुटे खांब मोजले आणि तुझी भोकं तिरकी निघाली. तू नमाजाला गेला होतास. त्याने मला विचारलं, हे कुणाचं काम? तुझं नाव सांगितलं इतकंच असतं तर एक गोष्ट. मी म्हटलं, त्याला शुगर आहे, नजर गेलीय, मी सांभाळून घेतो. सांभाळून घेतो! त्याने विचारलं, किती दिवस सांभाळणार? मी खांदे उडवले. मला खरंच तसं वाटत होतं, ही एक बाजू. दुसरी बाजू अशी की फोरमनची जागा रिकामी होती, आपल्या दोघांपैकी एकालाच मिळणार होती, आणि मी तेव्हाही दमलेला होतो. दुसऱ्या दिवशी तुला पटाशी खाली ठेवायला लावून रंगाच्या टोळीत टाकलं. डोळे तपासलेसुद्धा नाहीत कुणी. मी बोललो असतो तर तपासले असते. तू कुणाला काही विचारलं नाहीस, महिन्याभरात फायनल एक्झिट मागून कायमचा गावी निघालास. निघताना मला म्हणालास, डोळे दुखतात रे हल्ली, झाला ता बरा झाला. तुझे डोळे दुखत नव्हते. खांब तिरके का हे तुला एका वाक्यात सांगता आलं असतं, पण त्या वाक्यात बाबाजींचा गुण्या आला असता आणि माझं नाव आलं असतं. तू दोन्ही गिळलंस आणि गावी जाऊन आंधळा झालास. मी फोरमन झालो आणि त्याच रात्री ममताला फोनवर सांगितलं, बिचाऱ्या हाशमचे डोळे गेले. बिचारा म्हणालो होतो मी तुला.

ममताला आता खरं सांगून झालंय. ती म्हणाली, भाभींच्या समोर मी कुठल्या तोंडाने जाऊ. ते तिचं ती बघेल. मी कंपनीत चूक माझी होती असं लेखी दिलंय, पण कंपनीच्या फाईलचा गावात काय उपयोग? गावात माझा शब्द चालला होता म्हणून तुझं काम गेलं, तेव्हा तो शब्द गावातच परत घ्यायला हवा, आणि मला जानेवारीशिवाय सुट्टी नाही. तोवर तुमचा दरवाजा होऊन जाईल. म्हणून हे पत्र, हाशम, तुझ्या एकट्यासाठी नाही. पत्र मिळाल्यावर येत्या जुम्म्याला नमाज सुटली की मशिदीच्या पायरीवर उभा राहा आणि हे सगळ्यांना वाचून दाखव, पहिल्या ओळीपासून, तू स्वतः, मोठ्याने. मी मुद्दाम बारीक अक्षरात लिहिलंय. चष्मा लावलास तरी चालेल, मीही लावूनच लिहितोय. बाबाजींसाठी मागे सरू नकोस, त्यांचा गुण्या त्यांच्या हातात खरा होता, पडला तो माझ्या हातून. तू घडी घालून खिशात ठेवशील हे मला माहीत आहे, म्हणून यासीनकडे याची दुसरी प्रत दिली आहे. तू वाचलं नाहीस तर तो वाचेल, आणि त्याचं मराठी वाचन कसं आहे ते तू ऐकलंयस, सगळी जमात दुपारनंतरच्या अस्रच्या नमाजापर्यंत उभी राहील. तेव्हा तूच वाच. हाइलचं जिथे येतं, मी साहेबाला काय सांगितलं ते जिथे येतं, तिथे आवाज खाली आणू नकोस. आणि माझं नाव गाळू नकोस.

तुझाच, तुझ्या अंगठ्यावर पंधरा वर्षं जगलेला,
ज्ञानेश बाबाजी सुतार